डाव्या चाकातला ‘टक्’

काकांना आवाज ऐकूच येत नव्हता. काकूंना मात्र तो पायाखाली जाणवत होता. भिलारहून पसरणीचा घाट उतरून दोघं वाईला माझ्या गॅरेजवर आले, तेव्हा गाडीतून आधी काकूच उतरल्या. काका म्हणाले, “पंधरा दिवसांपूर्वीच ब्रेकचं काम करून घेतलंय. पॅड नवेकोरे आहेत. हिला उगीच शंका येते.”

‘ब्रेक वाजतो’ म्हणत रोज कुणी ना कुणी येतं, पण त्या दोन शब्दांत दहा वेगवेगळे आवाज असतात. बारीक, कानात घुसणारी ‘चीं’ असेल, तर बहुतेक वेळा पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, डिस्कला, दाबून धरणारा ब्रेकचा तुकडा, संपत आलेला असतो. पॅडला एक पातळ पत्री असते, ती डिस्कला घासून सांगते की आता बदला. ते ऐकूनही गाडी तशीच दामटली की ‘खर्र’ सुरू होतं. म्हणजे पॅडवरचा घासणारा थर, लायनिंग, संपलं आणि लोखंडावर लोखंड घासतंय. आमच्याकडे पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक खसखसतात आणि मग थांबतात. त्याची काळजी नको. कधी डिस्क आणि मागच्या पत्र्यात एखादा खडा अडकतो, आणि माणूस घाबराघुबरा होऊन येतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी मी विचारतो : आवाज कसा येतो आणि नेमका केव्हा?

काकूंनी नीट सांगितलं. “एकदाच येतो. टक्. गाडी मागे घेतली आणि मग पुढे निघून पहिला ब्रेक दाबला की येतो. दुसऱ्या ब्रेकला नाही. परत मागे घेतली की परत येतो.”

इतकं अचूक वर्णन मला क्वचितच मिळतं. दिशा बदलल्यावर एकदाच ‘टक्’, याचा अर्थ काहीतरी सैल आहे. पुढे जाताना ते एका बाजूला सरकून टेकतं, मागे जाताना दुसऱ्या बाजूला. मी गाडी चालवली, काकू शेजारी बसल्या. मला उजवीकडे बसून जेमतेम ऐकू आलं, त्यांना डावीकडे स्पष्ट. काकांना इतके दिवस का ऐकू येत नव्हतं, तेही तिथेच कळलं.

लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, रबरी बुश गेलं तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी पहार लावून ते पाहिलं. ठीक होतं. मग मला वाटलं, पॅड बसवताना त्याला जागेवर धरणाऱ्या जुन्याच पत्र्या परत लावल्या असतील, पॅड त्याच्या चौकटीत, ब्रॅकेटमध्ये, सरकत असेल. तसं असेल तर आवाज त्रासदायक, पण धोक्याचा नाही. दुकानातून नव्या पत्र्या आणायला मी पोराला पिटाळलंसुद्धा.

तो येईपर्यंत काकूंना सहज विचारलं, “हा आवाज ब्रेकच्या कामाआधी होता का?”

“नाही. तेव्हा ‘चीं’ होता, त्याच्यासाठीच तर काम केलं. ‘टक्’ नंतरचा. चार-पाच दिवसांनी सुरू झाला.”

मी काकांकडे बिल मागितलं. त्यात पॅडबरोबर पुढच्या दोन्ही डिस्क लिहिल्या होत्या. पोटात गोळा आला. नुसते पॅड बदलायला कॅलिपरचं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं, ब्रॅकेट काढावं लागत नाही. डिस्क काढायची तर बहुतेक गाड्यांत ते काढावंच लागतं. ब्रॅकेट धरणारे दोन बोल्ट मागच्या बाजूला असतात, चाक काढलं तरी समोरून दिसत नाहीत.

गाडी जॅकवर चढवून खाली स्टँड लावला, चाक काढलं. डिस्क हलू नये म्हणून दोन नट उलट्या तोंडाने लावून घट्ट केले. काकांना ब्रेक हलका दाबून धरायला सांगितलं आणि चाकाचे नट बसतात त्या स्टडांमध्ये पहार अडकवून हब, म्हणजे चाक बसतं तो मधला भाग, पुढे-मागे ढकललं. डिस्कबरोबर अख्खं ब्रॅकेट हललं. टक्. हात मागे घातला, तर खालचा बोल्ट माझ्या बोटांनी फिरला. दोन-तीन आट्यांवर तो कसाबसा टिकून होता. वरचाही ढिला होता.

खालचा बोल्ट गळून पडला असता, तर ब्रेक दाबताच कॅलिपर वरच्या बोल्टभोवती फिरून रिमवर आदळला असता. चाक जाम झालं असतं, नाहीतर ब्रेकच्या तेलाचा होज, म्हणजे नळी, फाटला असता. पसरणीच्या वळणांवर, उतारावर. त्या दिवशी सकाळी ते दोघं तोच घाट त्याच बोल्टवर उतरून आले होते. मी काकांना ब्रेक सोडून खाली यायला सांगितलं आणि त्यांचं बोट त्या बोल्टवर टेकवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त काकूंकडे पाहिलं.

ब्रॅकेट काढून आटे तपासले, शाबूत होते. दोन्ही बोल्ट नवे घातले, आटे सैल होऊ नयेत म्हणून थ्रेडलॉक हा चिकट द्रव लावून, पीळ मोजणाऱ्या टॉर्क पान्याने कसले. हे बोल्ट हाताच्या अंदाजाने कसायचे नसतातच. छोट्या गाड्यांत साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ लागतो, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात बघावा. वर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, बोल्ट फिरला तर लगेच दिसावं म्हणून. उजवं चाकही उघडलं. तिथले बोल्ट घट्ट होते.

घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आलो. काकू डावीकडेच बसल्या. मी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, ब्रेक दाबला. “नाही,” त्या म्हणाल्या. “अजून एकदा करा.” मी चार वेळा केलं.

निघताना मी काकांना एकच विनंती केली : त्या गॅरेजला फोन करा. भांडायला नाही. ज्या हातांनी हे बोल्ट अर्धवट ठेवले, त्या हातांनी त्या आठवड्यात आणखी कुणाच्या तरी डिस्क बदलल्या असतील. काकांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला आणि मला दिला. पलीकडच्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिला आणि मग कुणाला तरी हाक मारून वही आणायला सांगितली.