उपग्रहावरनं उसाचं नत्र बघायला गेलो, माझा अनुभव

यंदा हातकणंगल्याकडच्या आमच्या ३० गुंठे सुरू हंगामाच्या (थंडीत लावलेल्या) उसात नत्र कुठं कमी पडतंय ते उपग्रहावरनं बघायचं ठरवलं. एका कंपनीचं ॲप घेतलं, पैसे भरले, मोबाईलवर शेताची हद्द आखली, नकाशा आला. इथपर्यंत काही त्रास नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, भरणीचा (उसाच्या बुडाला माती लावतानाचा) युरिया टाकायच्या तोंडावर, पश्चिमेचा कोपरा लालभडक, खाली ‘नत्र कमी’. जाऊन बघतो तर उसाला चांगली काळोखी, पान रुंद, पिवळेपणा कुठंच नाही. फोन केला तर ‘सर, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय’. मी एकच विचारत होतो, फोटो कुठल्या तारखेचा? अकरा दिवस गेले, रोज नवीन माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासनं सांगायचं, इकडं वाफसा (मशागतीजोगी ओल) निघून चाललेला, पॉवर टिलरवाल्याला दोनदा परत पाठवला. शेवटी तारीख मिळाली आणि भाच्यानं कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या उपग्रह-फोटोंच्या वेबसाइटवर त्याच दिवसाचा साधा रंगीत फोटो काढून दाखवला, आमच्या कोपऱ्यावर ढगाची पांढुरकी कड सरळ दिसत होती! ढगाला नत्राची कमतरता म्हणून आम्हाला दाखवलं, याचा राग अजून जात नाही. तारीख लिहायला काय लागतं?

त्यामुळं ज्या ॲपवर फोटोची तारीख नाही त्याला पैसे देऊ नका. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांचे फोटो फुकट आहेत, साधारण ५ दिवसांनी नवीन येतो, आधी रंगीत फोटोत ढग बघा, मगच नकाशा. ऊस दाटला की एनडीव्हीआय (फोटोवरनं काढलेला हिरवाईचा आकडा) पुढं हलत नाही, तेव्हा रेड एजवाला (लाल रंगाच्या लगतच्या पुढच्या प्रकाशपट्ट्यावरनं काढलेला) एनडीआरई हा आकडा बघा, पण त्याचा एक चौकोन २० मीटरचा, म्हणजे जवळपास ४ गुंठे, आमच्या रानात जेमतेम सात बसतात आणि कडेच्यात बांध नि शेजाऱ्याचं रान मिसळतं. अन् उपग्रहाला नत्र दिसत नाही, पानाचा हिरवेपणा दिसतो, लोह कमी असलं किंवा पाणी साचलं तरी पान पिवळं पडतंच, म्हणून रानात जाऊन पान बघितल्याशिवाय पोतं फोडू नका.

आम्ही शेवटी सगळीकडं सारखाच डोस टाकून भरणी उरकली.

हां, एक राहिलं, एका पट्ट्याला शिफारशीचा पूर्ण डोस वेळेवर द्या, बाकीचं रान त्याच्याशी ताडून बघता येतं, आम्ही हे केलंच नव्हतं. आता आडसालीला (पावसाळ्यात लावायच्या उसाला) करणार, तिची भरणी येईतोवर पाऊस सरलेला असतो आणि आभाळ मोकळं.