मांडवा ते मालवण, छोट्या होडीतून: निळा दिवा लागतो, फोन चार्ज होत नाही

आधी निकाल सांगते, प्रवास नंतर. छोट्या होडीवर फोन-टॅबसाठी चार्जिंगची सॉकेटं बसवायची असतील, तर बंदरावर भेटणाऱ्या "सगळं करून देतो"वाल्याच्या हाती होडी देऊ नका. आणि ज्या पॅनलचं मरीनपण फक्त खोक्यावर छापलेलं आहे, ते दुकानातच राहू द्या. आम्हाला दोन्ही भेटले, एकाच मोसमात.

होडी दादाची. वीस फुटी, फायबरची, एक शीड, मागे लहान आउटबोर्ड, म्हणजे होडीबाहेर टांगलेलं मशीन. १२ व्होल्टची, ६० अँपिअर-तासांची एकच बॅटरी. तिच्यावर आधी डोलकाठीचा दिवा, आतला दिवा आणि जहाजांशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ एवढंच चालायचं. या वेळी नकाशासाठी एक टॅब, तिघांचे तीन फोन आणि हातातला जीपीएस असा संसार होता, म्हणून सॉकेटं.

पॅनल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलं. दोन यूएसबी, एक सिगारेट लायटरवालं गोल सॉकेट, निळे आकडे दाखवणारा व्होल्टमीटर, तीन बटणं. २,४०० रुपये. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मरीन ग्रेड आहे, पाण्यात बुडवा." खोक्यावर आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, लिहिलेलं होतंच. तो आकडा झाकण बंद असतानाचा असतो. केबल खुपसली की झाकण उघडं, आणि चार्जिंग करताना केबल खुपसलेली असणारच. पॅनलच्या पाठीमागची टर्मिनलं तर सताड उघडी. तिथे कुठलाच आयपी नाही.

बसवणाऱ्याने अर्ध्या दिवसाच्या कामाचे ६,५०० घेतले. बिलात "टिन कोटेड मरीन वायर" आणि "मरीन सिलिकॉन" अशा दोन ओळी. आम्ही मांडव्याला पोचलो तेव्हा सगळं चिकटवून, झाकून तयार होतं. रेडिओची जोडणीसुद्धा त्याने जुन्या जागेवरून काढून नव्या पॅनलवर आणली होती, "एका जागी नीटनेटकं दिसतं" म्हणून. दिसत होतं खरं.

मांडव्यापासून रत्नागिरीपर्यंतचं फार लिहीत नाही. रेवदंडा, मुरूड, हर्णै, दाभोळ, जयगड, सगळं छान झालं. हर्णैला उघड्यावर नांगर असतो, रात्रभर डुलत राहाल, एवढं ध्यानात ठेवा. या टप्प्यांत वारा पडलेला होता, त्यामुळे आउटबोर्ड बराच वेळ चालू होतं, आणि त्यामुळेच सॉकेटं ठणठणीत वाटली. मशीन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास येतात. वाटेत दीड व्होल्ट गळला तरी पॅनलला साडेबारा मिळतात, फोन भरतो आणि कुणाला काही कळत नाही. सॉकेटांची चाचणी मशीन बंद करूनच घ्या.

आता रत्नागिरी ते विजयदुर्ग. साधारण पंचवीस-सव्वीस सागरी मैल. मिरकरवाडा बंदरातून पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या, वाऱ्यावर निघालो, पूर्णगडापर्यंत मजेत. दुपारनंतर वायव्येचा वारा भरला, लाटा मागून तिरक्या यायला लागल्या, मशीन बंद करून शिडावर होतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला यापेक्षा चांगलं काय हवं? फक्त टॅब १८ टक्क्यांवर होता, म्हणून सॉकेटात लावला. निळा दिवा लागला, टॅब "टुंग" करून चार्ज व्हायला लागला, दोन सेकंदांत बंद. परत टुंग, परत बंद. दर वेळी स्क्रीन पूर्ण उजेडाने पेटायची. अर्ध्या तासाने टॅब १४ टक्क्यांवर. चार्जिंगला लावलेला टॅब उतरत होता!

असं का होतं, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. वेगाने चार्ज करणारं यूएसबी सॉकेट ठरावीक वॅट खेचतं. व्होल्ट कमी मिळाले तर ते जास्त अँपिअर ओढतं. जास्त अँपिअर ओढले की बारीक वायरीत आणखी व्होल्ट पडतात. शेवटी सॉकेट दम तोडतं आणि बंद होतं. भार गेला की व्होल्ट परत वर येतात, सॉकेट जागं होतं आणि तेच चक्र पुन्हा. निळ्या व्होल्टमीटरवर आधी १२.२ आणि लगेच १०.७ असा झोका दिसत होता. बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरला तर तिथे १२.२ जागच्या जागी. म्हणजे बॅटरी निर्दोष, मधली वायर चोर.

हे नुसतं चिडचिडीचं प्रकरण राहिलं असतं. पण जैतापूरच्या समोर, दिवस कलायला लागल्यावर, एक मोठी बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, आमच्या वाटेवर येताना दिसली. दादाने रेडिओ उचलला, चॅनल १६ (हाक मारायचा आणि संकटाचा), बोलायचं बटण दाबलं आणि रेडिओ बंद पडला. सोडलं की चालू. दाबलं की बंद. २५ वॅटवर बोलताना व्हीएचएफला पाचेक अँपिअर लागतात, आणि तो आता त्याच बारीक वायरीवर, त्याच पॅनलवर, टॅबच्या शेजारी बसलेला. नीटनेटका!

या वेळी काय करायचं ते आधीच पाठ करून ठेवा. सॉकेटांतल्या सगळ्या केबली उपटा, दिवे बंद करा, रेडिओ १ वॅटवर आणा. १ वॅटला तो फार कमी खेचतो, आणि दिसणाऱ्या जहाजाशी बोलायला तेवढं पुरतं. दादाने तसं केलं, बार्जवरून लगेच उत्तर आलं, ती मागून निघून गेली. पण तोवर मला त्या बसवणाऱ्याचा चेहरा इतक्या वेळा आठवला की रेखाचित्र काढता येईल. किनाऱ्याजवळ फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक साठवून ठेवा. मात्र त्यांच्या भरवशावर रेडिओ कच्चा ठेवू नका.

विजयदुर्गात अंधार पडताना शिरलो. किल्ल्याच्या समुद्राकडच्या अंगाला पाण्याखाली जुनी बांधीव भिंत आहे, म्हणून तिथे लांबूनच वळायचं असतं. आमचा टॅब ६ टक्क्यांवर. हातातला जीपीएस साध्या सेलवर चालतो, त्याने तारलं. सेलवर चालणारं एक तरी यंत्र होडीत हवंच. खाडीत वळलो की मग सुख आहे, नांगराला उत्तम जागा. जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी देवगडला टेम्पोची वायरिंग करणारे एक काका भेटले. त्यांनी पॅनल उलटं केलं, वायरीचं टोक ब्लेडने खरवडलं आणि मला दाखवलं. टिनवाली तांब्याची वायर वरून पांढरी, आतून लाल असते. ही वरून लाल, आतून पांढरी. म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. जाडीही पाऊण चौरस मिलिमीटर. काका एवढंच म्हणाले, "ताई, ह्यो निळो दिवो पेटता म्हणान करंट येता असा नाय."

हिशोब असा. पॅनल बॅटरीपासून चार मीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर वायर. त्या मुलामेवाल्या बारीक वायरीत पाच अँपिअर गेले की दीड व्होल्ट वाटेतच संपतात. तेवढंच अंतर ४ चौरस मिलिमीटरच्या खऱ्या तांब्याने घातलं तर ०.२ व्होल्ट. परतीच्या वायरीची लांबी धरायला लोक विसरतात. करंट जातो तसा येतोही.

याहून भयंकर गोष्ट काकांनी नंतर दाखवली. फ्यूज होता, ३० अँपिअरचा, पण पॅनलपाशी. बॅटरीपासून पॅनलपर्यंतची चार मीटर वायर बिनफ्यूजची, आणि ती पेट्रोलच्या टाकीला घासून गेलेली. मध्ये कुठे ती सोलली असती तर फ्यूजला पत्ताही लागला नसता. फ्यूज हा वायरीला वाचवण्यासाठी असतो, फोनला नव्हे, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत हवा आणि वायरीला झेपेल एवढाच हवा. आम्ही आता १५ चा ठेवलाय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते. टाकीजवळ किंवा तळाला सॉकेट, स्विच, जोड काहीही नको. ६,५०० रुपये घेऊन हे केलं होतं!

काकांनी वायर, लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी), फ्यूजची डबी आणि मजुरी धरून १,४०० घेतले. रेडिओला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज, सॉकेटांना वेगळी. वायरीला लग क्रिंप करून, म्हणजे घट्ट दाबून, वर आतून गोंद सुटणारी नळी तापवून बसवली. नुसतं सोल्डर करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि मशीनच्या थरथरीने तिथेच तुटते. आणि ते "मरीन सिलिकॉन"! व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन होतं. ते सुकताना आम्ल सोडतं, तांबं खातं. आमच्या टर्मिनलांवर तेवढ्या दिवसांत हिरवा बुरा चढला होता. सिलिकॉन घ्यायचंच तर वास न येणारं, न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

गोल लायटर सॉकेटबद्दल माझं मत सरळ आहे: फेकून द्या. त्यात पिन नुसती स्प्रिंगच्या जोरावर बसते, लाटांच्या धक्क्याने सुटते, खाऱ्या हवेने गंजते. त्यातून हवा भरायचा पंप चालवायचा असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही ते भोक रबरी बुचाने बंद केलं.

सॉकेट बसवायचं ते उभ्या भिंतीवर, छताखाली, दारातून शिंतोडे येणार नाहीत अशा बाजूला. वायर सॉकेटात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथून ठिबकेल, आत जाणार नाही. सगळ्यावर एक मुख्य स्विच ठेवा. निळे आकडे आणि रिकामं यूएसबी सॉकेटसुद्धा थोडा थोडा करंट खातात. २० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण होडी महिनाभर नांगरावर उभी राहिली तर १४ अँपिअर-तास गेले. आमच्या बॅटरीचा तो पाव हिस्सा आहे.

होकायंत्र आणि रेडिओ यांची परीक्षा धक्क्यावरच घ्या. होकायंत्राकडे बघत सॉकेटांवर भार टाका आणि काढा. काटा हलला तर वायरी दूर न्या आणि जाणारी-येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन घाला. रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायचं बटण, खरखर जेमतेम थांबेल एवढ्यावर आणा आणि मग फोन चार्जिंगला लावा. खरखर परत सुरू झाली तर ते यूएसबी सॉकेट गोंगाट करतंय, आणि लांबून आलेली हाक त्या गोंगाटात बुडेल. आमचं लॅमिंग्टन रोडवालं या परीक्षेत नापास झालं. आता रेडिओवर लक्ष ठेवायचं असेल तेव्हा चार्जिंग बंद, असा होडीवर नियम आहे.

"एवढा खटाटोप कशाला, आउटबोर्डच्या दिव्याच्या वायरी थेट सॉकेटला जोड," असं सांगणारे प्रत्येक बंदरावर भेटतील. दोरी ओढून सुरू होणाऱ्या पुष्कळ जुन्या मशीनांतून येणारी ती जोडी एसी असते आणि मशीनच्या वेगाबरोबर तिचे व्होल्ट वरखाली होतात. मध्ये एसीचा डीसी करून व्होल्ट आवरणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर नसेल तर फोन जाईल.

५० वॅटचं सोलर पॅनल आणि साधा कंट्रोलर मात्र घ्या. चांगल्या उन्हात, शिडाची सावली टाळली तर, दिवसाला दहा-बारा अँपिअर-तास देतं. ५,००० एमएएच बॅटरीवाला फोन पूर्ण भरायला बॅटरीतून साधारण दोनच अँपिअर-तास जातात. लॅपटॉप आणि इन्व्हर्टर घरी ठेवा. बॅटरी साधी लेड-अॅसिडची असेल तर ६० पैकी ३०च आपले समजा, मशीन आणि भार बंद असताना १२.१ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका.

आणि तुम्ही दोघंच, दोन-तीन रात्रींसाठी, फक्त फोन घेऊन निघणार असाल तर होडीला भोकं पाडूच नका. २०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका कोरड्या डब्यात टाका. ५,००० चा फोन त्यातली एक चार वेळा भरत नाही, तीनदा भरते, तेवढ्यात काम होतं. फोन सावलीत चार्ज करा. उन्हात तापला की तो स्वतःच चार्जिंग थांबवतो, आणि तुम्ही सॉकेटाला शिव्या घालत बसाल. पोर्टात खारं पाणी गेलं असेल तर केबल लावू नका, पिना जळतात. गोड्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून मगच लावा.

देवगड ते मालवण ठीक. सिंधुदुर्गाभोवती खडक फार आहेत, शिरताना स्थानिक माणूस सोबत घ्या. परतीला उत्तरेकडे वारा तोंडावर येतो, म्हणून आम्ही होडी ट्रेलरवर घालून रस्त्याने आणली. ट्रेलरवर चढवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, बॅटरी पट्ट्याने आवळा आणि पॅनलचे स्क्रू परत एकदा पिळा. महामार्गाच्या खड्ड्यांनी आमचे दोन स्क्रू पनवेलपर्यंत येईतो गळून पडले होते.