माहेरी जाताना कल्चरचा रिपोर्ट बरोबर न्या

सोलापूरकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरली की मुलगी अक्कलकोटला, बार्शीला नाहीतर मंगळवेढ्याला जाते. सोनोग्राफीचे कागद बरोबर जातात, लघवीच्या कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा रिपोर्ट मात्र सासरच्या कपाटातच राहतो. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना तोच हवा असतो.

गरोदरपणात लघवीत जंतू असूनही पुष्कळदा जळजळ नसते, तापही नसतो. उपचार झाले नाहीत तर संसर्ग किडनीपर्यंत चढतो. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांतच कल्चर करावं. जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडा, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. घरची धुतलेली बाटली चालत नाही. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या; आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात डबी पिशवीत राहिली तर त्यातले जंतू वाढतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टात दिसतो.

या रिपोर्टवर ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ असं जंतूचं नाव असेल, तर जंतूंचा आकडा कमी असला तरी ते महत्त्वाचं. गोळ्यांनी लघवी साफ होते, पण हा जंतू आतड्यात टिकून राहतो आणि योनीमार्गात परत येतो. आठव्या महिन्यातल्या गोळ्यांचा म्हणूनच प्रसूतीच्या वेळी उपयोग नाही. कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन हे जंतू मारणारं औषध लागतं. अँपिसिलिन आधी २ ग्रॅम, मग बाळ होईपर्यंत दर ४ तासांनी १ ग्रॅम. पहिला डोस जन्माच्या निदान ४ तास आधी जायला हवा, नाहीतर बाळाला पहिल्या आठवड्यातच रक्तात जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर होण्याची भीती राहते. म्हणून कळा घरी काढत बसू नका.

लघवीत हा जंतू नसेल तर ३६-३७व्या आठवड्यात योनीमार्गाच्या तोंडाशी आणि गुदद्वारात कापसाची काडी फिरवून नमुना (स्वॅब) घेतात. मुलगी तेव्हा माहेरी असते, तिथे ही सोय असेलच असं नाही. स्वॅब झाला नसेल तर हे औषध द्यायचं का, हे ठरवायला डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: ३७ आठवड्यांआधीच्या कळा, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पाणमोट फुटून १८ तास उलटणं. पाणी गेलं की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि लगेच निघा. ‘रात्री कधीतरी’ या उत्तरावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

पेनिसिलिन सोसत नसेल तर नेमकं काय झालं होतं, ते फाइलवर लिहा. नुसती मळमळ ही अ‍ॅलर्जी नव्हे. अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप असं झालं असेल तर स्वॅब देतानाच लॅबला सांगा, म्हणजे पेनिसिलिनऐवजी क्लिंडामायसिन हे औषध चालेल का हेही तपासून मिळतं.