आखाजीची कार्डं : केळीचं पान आणि झोका

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, कार्डांचं काम निम्म्याच्या पुढे सरकलं. यंदा चित्रं दोनच, केळीचं पान आणि निंबाला बांधलेला झोका. जळगावात राहून गुलाब काढत बसायला माझं मन घेत नाही.

पानाला ड्राय एम्बॉसिंग, म्हणजे कागद नुसता दाबून उठाव आणायचा. जुन्या एक्स-रे फिल्मवर शिरा कापून स्टेन्सिल घरीच केली. कागद 220 जीएसएमचा (आकडा मोठा तितका कागद जाड). 300 ला हाताचा जोर पुरत नाही, तिथे मशीनच हवं. यंदा क्रम बदलला. आधी पांढऱ्या कागदावर ब्रशने पोपटी, मग गडद हिरवी शाई जिरवली, पूर्ण वाळू दिली आणि नंतर मागच्या बाजूने स्टायलसने, म्हणजे गोल टोकाच्या काडीने, शिरा उठवल्या. आता त्या उठावावर बारीक पॉलिशपेपर अगदी हलका फिरवायचा. वरचा हिरवा निघतो, आतला पांढरा कागद डोकावतो आणि केळीच्या पानाची ती फिकट शीर हुबेहूब येते. उठावावर पॅड घासून रंग चढवण्यापेक्षा मला हे कितीतरी सरस वाटलं. उठवण्याआधी कागदाच्या मागच्या बाजूला मेणबत्तीचा हात दिला तर स्टायलस अडकत नाही.

झोक्याला हीट एम्बॉसिंग, म्हणजे ओल्या ठशावर पावडर टाकून ती आचेने वितळवायची. खोडरबराचा ठसा, उशिरा वाळणारी बिनरंगी पिगमेंट इंक, वर पारदर्शक पावडर. डाय इंक लगेच वाळते, तिला पावडर धरत नाही. खरी कसरत हवेची. पंखा लावला की पावडर उडते, कूलरपुढे कागद ओलसर होऊन ती नको तिथे चिकटते आणि दोन्ही बंद केले की कोरड्या हवेत कागदच पावडर ओढतो. म्हणून ठशाआधी टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवते. त्यात हीट गन! सासूबाई म्हणतात, ‘बाहेर काय कमी तापलंय?’ हेअर ड्रायर मात्र चालत नाही. वारा जास्त, आच कमी. पावडर चकाकली की गन पुढे न्यायची, नाहीतर ती कागदात मुरून तेलकट डाग दिसतो.

वरून जलरंग : पिवळा, केशरी, कडेला गुलाबी. वितळलेली पावडर रंग धरत नाही, म्हणून दोर आणि फळी पांढरीच राहतात. निळा टाळलाय, केशरीत मिसळला की राखाडी चिखल.

श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण. नारळाच्या मुखवट्याची नथ सोनेरीत करायची आहे. त्या बारीक रेघेसाठी डिटेल पावडर, म्हणजे जास्त बारीक कणांची एम्बॉसिंग पावडर, मागवलीये.