धोंड्याचा महिना आणि मोरोक्कोचे गुलाब

मावळातले एक काका सहल आखून घ्यायला माझ्याकडे आले तेव्हा त्यांची मागणी एका वाक्याची होती : "मोरोक्कोत गुलाबांचं खोरं आहे म्हणे, तिथं न्या." त्यांची स्वतःची गुलाबाची पॉलीहाऊसं आहेत, लाल 'टॉप सिक्रेट' जातीची. तारखाही ठरवूनच आले होते. 2026 मध्ये 17 मेपासून 15 जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, फुलांची मागणी उतरते, तेव्हाच त्यांना हात मोकळे. मी 18 ते 29 मेचा आराखडा केला : मराकेश, तिश्का घाट, ऐत बेन हद्दू, गुलाबांच्या खोऱ्यातलं केलात म्गूना, मेर्झुगाचं वाळवंट आणि शेवटी फेस शहर.

ज्या दिवशी काका-काकू आगाऊ रक्कम भरायला येणार होते, त्या सकाळी मी मराकेशच्या आमच्या माणसाला गाडी पक्की करायला फोन लावला. तारखा ऐकून तो जरा थांबला. मग म्हणाला, "तेव्हा बकरी ईद आहे, साधारण 27 मेला. त्या दिवशी कुठलाही ड्रायव्हर घर सोडणार नाही."

ईदच्या आधी शहरातली माणसं गावी निघतात, बसगाड्या-रेल्वे तुडुंब भरतात. नंतरचे काही दिवस जुन्या बाजारातली बरीच दुकानं बंद असतात. आणि नेमके तेच दिवस मी फेसच्या बाजारासाठी ठेवले होते. तारीखही आधी शंभर टक्के सांगता येत नाही. मोरोक्कोत चंद्र प्रत्यक्ष दिसल्यावरच ती जाहीर होते. 2023 ला ही ईद जूनच्या अखेरीस होती. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, म्हणून ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. आपले महिनेही चांद्रच, पण आपण 32-33 महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालून ऋतू सांभाळतो. काकांनी पंचांग पाहिलं होतं. दुसरं कॅलेंडर पाहणं माझं काम होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं.

फोन ठेवता ठेवता तो आणखी एक बोलला. "आणि गुलाब? 20 मेनंतर काय दाखवणार त्यांना? झुडपं?"

ईदपेक्षा हे मला जास्त लागलं. तिथली तोडणी एप्रिलच्या अखेरीस सुरू होते आणि मेच्या मध्यापर्यंत बहुतेक उरकते. गुलाबांचा उत्सवही मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपासच असतो. ज्या एका गोष्टीसाठी माणूस पहिल्यांदा पासपोर्ट काढतोय, तीच मी हुकवत होते.

दुपारी दोघं आले. मी काही न लपवता सगळं सांगितलं आणि मागच्या खेपेला केलातहून आणलेल्या सुकलेल्या कळ्यांची पुडी टेबलावर ठेवली. काकांनी एक कळी उचलली. बोराएवढी, विटकरी गुलाबी. अंगठ्याखाली दाबून पाकळ्या सुट्या केल्या, तळहात नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"आमच्या फुलाला वास नाही," ते म्हणाले. "आमचं सगळं दांडीवर. इथं दांडीला कोण विचारतंय?"

मी सांगितलं, तिथं दांडी मोजतच नाहीत, पाकळ्या किलोवर जातात. 1 किलो तेलाला तीन-चार टन फुलं लागतात. बाया पहाटेच तोडायला जातात, ऊन चढलं की सुगंध उडतो. आणि गुलाबाची वेगळी बागही नसते. पाटाच्या पाण्यावर गहू-जवाचे छोटे तुकडे, मध्ये अंजीर, अक्रोड, बदाम, आणि गुलाब त्यांच्या कडेनं कुंपणासारखा.

"बांधावर?" काका खुर्चीत पुढे सरकले. "बांधावर गुलाब?"

मग स्वतःच म्हणाले, "14 फेब्रुवारीचं फूल हवं तर आम्ही डिसेंबरातच छाटणी धरतो. फुलाची वेळ फुलाचीच. तारीख आपण बदलायची." पण मेचा पहिला पंधरवडा म्हणजे ऐन लग्नसराई. ते गप्प झाले. पॉलीहाऊस कुणावर सोडायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

इतका वेळ न बोललेल्या काकू तेव्हा म्हणाल्या, "पोरगा बघेल की. शिकू दे त्यालाही. आणि मला तर हेच पाहिजे होतं. धोंड्याला लेक-जावई घरी येणार, तेहतीस अनारसे कुणी करायचे? मी काय वाळवंटातून करू?"

नव्या तारखा तिथंच ठरल्या : 3 मेला निघायचं, 14 ला घरी. मेर्झुगाचा उकाडाही त्यामुळे थोडा कमी लागेल. फेसचा एक दिवस कापला आणि केलातला एकाऐवजी दोन मुक्काम धरले. मराकेशला पुन्हा फोन करून विचारलं, तोडणीच्या वेळी पाहुण्यांना बांधावर उभं राहू देतील असं एखादं कुटुंब आहे का. त्याच्या मावशीचंच शेत निघालं.

जाताना काकांनी विचारलं, "ताई, त्यांच्याबरोबर चार फुलं तोडू देतील ना मला?" चुरगळलेली ती कळी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली होती. मी आराखडा उघडला आणि केलातच्या दुसऱ्या दिवसापुढे लिहिलं : पहाटे साडेपाच, शेतावर.