रेनियरचा डबा आणि वाळूजचे पाणी

स्टेडियममधल्या बीअरच्या काउंटरसमोर उभे राहून माझ्या धाकट्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘यातली स्ट्राँग कोणती?’’ आणि लगेच दुसरा, ‘‘पाणी कुठलं?’’ पहिल्याचे उत्तर समोरच्या फलकावर टक्केवारीसकट लिहिलेले होते. दुसऱ्याचे उत्तर देण्यात माझी सगळी संध्याकाळ गेली.

काका छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे आम्हा घरच्यांच्या तोंडी अजूनही औरंगाबादचे. आधी एका साखर कारखान्यात आणि नंतर बावीस वर्षे वाळूज एमआयडीसीतल्या एका बीअर कारखान्यात ते बॉयलरवर होते. निवृत्तीनंतर ते दोन महिन्यांसाठी आमच्याकडे, सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला आले. डोंगर, धबधबे, विमानांचा कारखाना असे सगळे दाखवून झाल्यावर मी बेसबॉलच्या सामन्याची तिकिटे काढली. मरिनर्स हा इथला संघ. अमेरिकेच्या मुख्य साखळीत वर्ल्ड सिरीज या अंतिम लढतीपर्यंत एकदाही न पोहोचलेला हा एकमेव संघ आहे आणि तरीही लोक त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडतात, हे ऐकल्यावर काकांना संघाविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

टी-मोबाइल पार्क हे मैदान १९९९ मध्ये सेफको फील्ड या नावाने सुरू झाले. पाऊस आला की त्याच्यावर छप्पर सरकते, पण बाजू उघड्याच राहतात, त्यामुळे शेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाड्यांचे भोंगे ऐन खेळाच्या मधोमध ऐकू येतात. खाण्याच्या स्टॉलवर २०१७ पासून मेक्सिकन पद्धतीने भाजलेले नाकतोडेही मिळू लागले. काकांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिले आणि खाऱ्या भुईमुगाच्या शेंगांची मोठी पिशवी घेतली. बेसबॉल पाहताना शेंगा फोडून टरफले पायाशी टाकण्याची रीतच आहे, हे कळल्यावर या देशात निदान चखण्याची तरी जाण आहे, असा शेरा त्यांनी मारला.

काउंटरवरच्या मुलीने काकांकडे ओळखपत्र मागितले. डोक्यावर एक काळा केस न उरलेल्या माणसाला वय सिद्ध करायला लावणे हा इथला शिरस्ता आहे. काकांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून पासपोर्ट काढला आणि ‘‘इथंही परमिट लागतं का रे?’’ असे मला मराठीत विचारले. आमच्या घरात पुतण्याने काकांसमोर ग्लास हातात धरण्याची पद्धत नाही. आजवर आम्ही दोघांनीही एकमेकांच्या या सवयीविषयी काही माहीत नसल्याचे सोंग उत्तम वठवले होते, आणि ते सोंग मोडायला परदेशातल्या चाळीसेक हजार माणसांची गर्दी लागली.

फलकावर ‘स्थानिक’ अशा शीर्षकाखाली बरीच नावे होती. काकांसाठी मी एलिजियन या ब्रुअरीची स्पेस डस्ट घेतली, कारण तिच्यात ८.२ टक्के मद्यार्क असतो आणि आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून जे मागितले जाते त्याच्या ती अगदी जवळ जाते. माझ्यासाठी रेनियरचा डबा घेतला. इथे डबा उघडूनच हातात देतात. लाल रंगातले मोठे इंग्रजी ‘आर’ हे अक्षर आणि ज्या पर्वताचे नाव घेतले तो रेनियर पर्वत, या दोन गोष्टी सिअ‍ॅटलच्या माणसाला जन्मापासून ओळखीच्या असतात. पर्वत ४,३९२ मीटर उंच आहे आणि आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी शहराच्या डोक्यावर पांढऱ्या ढिगासारखा उभा दिसतो. या बीअरला इथले लोक लाडाने ‘व्हिटॅमिन आर’ म्हणतात. हिच्याहून स्थानिक काय असणार, असे कोणालाही वाटेल.

ती कॅलिफोर्नियात बनते, हे मी सांगितले तेव्हा काकांनी शेंग फोडता फोडता मान वर केली.

खरे तर या शहरात बेसबॉल आणि बीअर यांचे नाते रेनियरमुळेच जुळले. सिअ‍ॅटल ज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यात १९१६ च्या आरंभापासून दारूबंदी आली आणि रेनियरचे नाव सॅन फ्रान्सिस्कोला गेले, म्हणजे कॅलिफोर्नियाची वाट या नावाने तेव्हाच एकदा धरली होती. दारूबंदी उठल्यावर एमिल सिक या कॅनडाहून आलेल्या ब्रुअरीमालकाने ते नाव सिअ‍ॅटलला परत आणले. त्याने डबघाईला आलेला इथला बेसबॉल संघ विकत घेतला, संघाचेच नाव ‘रेनियर्स’ ठेवले आणि १९३८ मध्ये स्वतःच्या नावाचे मैदान बांधले. आपल्याकडे गुटख्याच्या किंवा सोड्याच्या नावावर क्रिकेटच्या स्पर्धा होतात, त्याची आठवण येते. फरक इतकाच की इथे प्रायोजकाचे नाव सदऱ्याच्या बाहीवर नव्हते, ते संघाचेच नाव होते. पुढे १९६९ मध्ये याच सिकच्या मैदानावर पायलट्स नावाचा संघ एक हंगाम खेळला, त्याचे दिवाळे वाजले, आणि तो मिलवॉकीला जाऊन ‘ब्रुअर्स’ झाला. सिअ‍ॅटलचा संघ गेला तो गेला आणि वर बीअर गाळणाऱ्यांचे नावही दुसऱ्याच गावात जाऊन मिरवू लागला, हा योगायोग मला फार बोचरा वाटतो. सिकचे मैदान पुढे पाडले गेले आणि त्या जागी घरदुरुस्तीच्या सामानाचे भलेमोठे दुकान आले.

कारखान्याची गोष्ट याहून थोडक्यात सांगता येते. शहराच्या दक्षिणेला महामार्गालगत असलेला रेनियरचा कारखाना मालकांमागून मालक बदलत शेवटी पॅब्स्ट कंपनीकडे आला आणि १९९९ मध्ये बंद झाला. काही वर्षे ही बीअर जवळच्याच टमवॉटर गावातल्या कारखान्यात बनत होती. तोही २००३ मध्ये बंद झाल्यावर ती कॅलिफोर्नियातल्या अर्विन्डेलला गेली. कारखान्याच्या छपरावरचे लाल ‘आर’ उतरवून तिथे एका कॉफी कंपनीचे हिरवे ‘टी’ लावले गेले होते. मूळ अक्षर शहराच्या इतिहास संग्रहालयात गेले, आणि २०१३ मध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती पुन्हा छपरावर चढली. अक्षर परत आले, बीअर आली नाही.

‘‘म्हणजे पाणी तिकडचं,’’ काका म्हणाले. मग स्वतःच्या ग्लासकडे बोट दाखवून, ‘‘आणि ही?’’

एलिजियनची गोष्ट उलट आहे. ही ब्रुअरी १९९६ मध्ये सिअ‍ॅटलमध्येच जन्मली आणि इथल्याच तीन मित्रांनी ती वाढवली. शहरातल्या एका प्रसिद्ध संगीत कंपनीच्या विसाव्या वाढदिवसासाठी तिने ‘लूझर’ नावाची बीअर काढली आणि बाटलीवर ‘कॉर्पोरेट बीअर अजूनही टाकाऊच’ अशा अर्थाचे वाक्य छापले. जानेवारी २०१५ मध्ये हीच ब्रुअरी बडवायझर बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली. त्या कंपनीच्या पालक उद्योगाचे मुख्यालय बेल्जियममध्ये आहे. गंमत पुढेच आहे. खरेदी जाहीर झाल्यानंतर नऊच दिवसांनी सुपर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना होता, त्यात सिअ‍ॅटलचा फुटबॉल संघ खेळत होता, म्हणजे सारे शहर दूरदर्शनसमोर बसले होते, आणि नेमक्या त्या सामन्यात बडवायझरने नव्या छोट्या ब्रुअरींच्या चोखंदळ गिऱ्हाइकांची टर उडवणारी जाहिरात दाखवली. ती मंडळी भोपळा आणि पीच घातलेल्या बीअरवर खुशाल चर्चा करत बसोत, असा तिचा सूर होता. एलिजियनने भोपळा आणि पीच घातलेली बीअर खरोखरच बनवली होती. तिच्या संस्थापकांपैकी डिक कॅंटवेल त्याच वर्षी बाहेर पडले. सिअ‍ॅटलने तो सामनाही गमावला, पण त्याचे खापर बीअरवर फोडणे योग्य होणार नाही.

अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींच्या संघटनेने ‘क्राफ्ट’ कोणाला म्हणावे याचे नियम केलेले आहेत. वर्षाचे उत्पादन साठ लाख बॅरलांपेक्षा जास्त नसावे, आणि स्वतः क्राफ्ट नसलेल्या दुसऱ्या मद्य कंपनीचा वाटा २५ टक्क्यांच्या आत असावा. नियम पाळणाऱ्यांना २०१७ पासून उलट्या बाटलीचे एक चिन्हही वापरता येते. मात्र बारकाईने पाहिले तर यात आकार आहे, मालकी आहे, पण गावाचा उल्लेख कुठेच नाही. त्यामुळे ‘स्थानिक’ हा शब्द फलक रंगवणाऱ्याच्या मर्जीवर उरतो, आणि माझी खात्री आहे की फलक रंगवणाऱ्याला बॉयलरवर बावीस वर्षे काढलेल्या माणसाला तोंड द्यावे लागेल असे कधी वाटले नसावे.

काकांची कसोटी सोपी होती. बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, तेव्हा जिथले पाणी तिथली बीअर. ‘‘लेबलाला काय, कोणीही छापतो.’’ सिअ‍ॅटलला सीडर आणि टोल्ट या दोन नद्यांच्या डोंगरातल्या राखीव पाणलोटांतून पाणी येते. ते इतके मऊ आहे की आमच्या रेडमंडच्या घरी चहाच्या किटलीला तळाशी पांढरा थर म्हणून धरत नाही. काकांनी आल्यापासून तिसऱ्याच दिवशी ही गोष्ट हेरली होती. बॉयलरवरचा माणूस पाणी कधी चवीने पाहत नाही, तो क्षाराने पाहतो.

पाण्याचा विषय त्यांच्या डोक्यात इतका घट्ट का बसला आहे, हे मला ठाऊक आहे. संभाजीनगर परिसरातल्या बीअर कारखान्यांमागे आज नेदरलँड्स, डेन्मार्क आणि बेल्जियममधल्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्या बाटल्यांत पाणी आहे ते पैठणच्या जायकवाडी धरणाचे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी नेले जात होते, आमच्या घरी चार-चार दिवसांनी नळ येत होता, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. काका त्या उन्हाळ्यात कामावर जाताना गल्लीत कोणाच्या नजरेला नजर देत नसत. शेजारणी टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या, आणि हे निघाले बीअरच्या कारखान्यात. ‘‘ती बीअर परदेशी होती म्हणे,’’ काका म्हणाले. ‘‘शिव्या मात्र आम्हीच खाल्ल्या.’’

मला त्यांची कसोटी अर्धीच पटते. पाचव्या इनिंगमध्ये मी तिसरी बीअर आणली, ती जॉर्जटाउन ब्रुइंगची बोधिझाफा. मॅनी चाओ आणि रॉजर बायलस या दोघांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही ब्रुअरी स्टेडियमपासून चारएक किलोमीटरवर आहे आणि ती त्यांनी कोणाला विकलेली नाही. सुरुवातीची अनेक वर्षे त्यांची बीअर फक्त पिंपातून मिळे, म्हणजे ज्या बारपर्यंत पिंप पोहोचेल तेवढाच तिचा मुलूख. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या बीअर स्पर्धेत आयपीए या प्रकाराचे सुवर्णपदक बोधिझाफाला मिळाले. तिच्यातला संत्र्याच्या सालीसारखा वास हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीवरच्या फुलांचा. हॉप्सचे वेल पर्वतरांगेच्या पलीकडे, इथून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरच्या याकिमा खोऱ्यात दोरांवर साडेपाच मीटरपर्यंत चढवलेले असतात. अमेरिकेतल्या हॉप्सपैकी सुमारे तीन चतुर्थांश हॉप्स एकट्या वॉशिंग्टन राज्यात पिकतात. पण याकिमाचे हॉप्स जगभर जातात, आणि त्यांच्यामुळे दुसऱ्या देशातली बीअर काही सिअ‍ॅटलची होत नाही. तसेच पाण्याचेही असावे, असे मी काकांना म्हणालो. माझ्या मते विचारायचे ते असे: कारखाना उद्या बंद पडला, तर ती बीअर तशीच्या तशी विकत राहता येईल का? रेनियरचा कारखाना गेला आणि डबा राहिला, कारण डबा कुठेही भरता येतो. जॉर्जटाउनचा कारखाना गेला तर बोधिझाफाही जाईल, कारण ती बनवणारी माणसे दुसरीकडे कुठे नाहीत.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मैदानावर चेंडू प्रेक्षकांत गेला, सगळे उठले, आम्हीही उठलो आणि पुन्हा बसलो.

‘‘मग आमची पण नाही,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘वाळूज बंद झालं, तर दुसऱ्या गावातून बाटली येईल. पिणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.’’

माझा युक्तिवाद त्यांनी मान्य केला होता, आणि तो मांडला नसता तर बरे झाले असते असे मला वाटले. बोधिझाफाचा अर्धा ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला. कडू आहे म्हणाले. मरिनर्स दोन धावांनी हरले.

त्यानंतर आठ दिवसांनी काकांचे परतीचे विमान होते. मुद्दाम शहरातून वळसा घेऊन मी आय-५ महामार्गाने विमानतळाकडे निघालो. स्टेडियम मागे पडल्यावर थोड्या वेळाने उजव्या हाताला जुन्या कारखान्याच्या इमारती आल्या आणि छपरावरचे लाल ‘आर’ दिसले. तिथे आता कलाकारांचे स्टुडिओ आहेत, लोक राहतातही, असे मी सांगितले. काकांनी काच खाली केली आणि अक्षराकडे न पाहता इमारतीच्या मागच्या बाजूला धुराडे शोधत राहिले.

‘‘बॉयलर ठेवलाय का रे आत,’’ त्यांनी विचारले, ‘‘की तोही भंगारात काढला?’’