पीडी

अनेकांनी वाटून वापरायच्या कॉम्प्युटरांच्या ताफ्यावर एस-बॅच ही कमांड देऊन जॉब, म्हणजे चालवायचं काम, टाकला, नंबर हातात आला, की खरं तर आपलं काम संपतं. लॅपटॉप मिटून दुपारची झोप काढली तरी चालतं. स्लर्म नावाच्या, जॉबची रांग लावणाऱ्या सॉफ्टवेअरचा कंट्रोलर ती रांग सांभाळतो, मोकळा नोड, म्हणजे ताफ्यातला एक कॉम्प्युटर, दिसला की जॉब तिकडे धाडतो, आउटपुट फाइलमध्ये टाकून ठेवतो. आपण जागे आहोत की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तरी माझी बोटं रांग दाखवणाऱ्या एस-क्यू कमांडकडे वळतातच.

समोर तीच ओळ. पीडी, म्हणजे पेंडिंग. शेजारी कंसात कारण: प्रायॉरिटी. म्हणजे तुमच्या आधी कुणीतरी आहे. कधी तिथे रिसोर्सेस येतं, म्हणजे नंबर तुमचाच, पण जागा नाही. पहिल्याचं दुसरं झालं की माझा जीव भांड्यात पडतो. प्रत्यक्षात काहीच हललेलं नसतं.

वॉच, म्हणजे तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवणारी कमांड, लावली तर दर 2 सेकंदांनी विचारणा आपोआप होते. स्लर्मच्या मॅन्युअलमध्ये बजावलंय की असल्या कमांड लूपमध्ये घालू नका, कारण प्रत्येक विचारणा त्या कंट्रोलरच्याच डोक्यावर जाऊन बसते. म्हणजे रांग का सरकत नाही असं जो सारखा विचारतो, तोच रांग लावणाऱ्याचा वेळ खातो! वाचून हसू आलं. सवय गेली नाही ती नाहीच.

त्यात तासांचं प्रकरण. जॉब किती वेळ चालेल हे आधीच सांगायचं असतं. काम 6 तासांचं असलं तरी मी 12 लिहितो, कारण मुदत संपली की शेड्यूलर, म्हणजे रांग लावणारं हेच सॉफ्टवेअर, मुलाहिजा न ठेवता जॉब मारतो. पण एखाद्या मोठ्या जॉबसाठी नोड राखून ठेवलेले असताना मध्ये जी फट पडते, तिथे छोटे जॉब घुसवतात. बॅकफिल. अट एवढीच, की मोठ्याला उशीर होता कामा नये. म्हणून 2 तास मागणारा मागाहून येतो आणि माझ्यादेखत पीडीचा आर, म्हणजे रनिंग, होतो. मी आपला 12 तास कवटाळून बसलेला. आणि सगळेच माझ्यासारखे भित्रे असले, तर शेड्यूलर बिचारा खोट्या आकड्यांवरच उद्याची आखणी करत राहतो.

अशा रांगा लावणाऱ्या सॉफ्टवेअरांत मला कॉन्डॉर विशेष आवडतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात 1988 साली ते सुरू झालं, लोकांच्या टेबलांवर रिकामी पडलेली वर्कस्टेशनं कामाला लावायला. मालक परत येऊन कीबोर्डला हात लावी, आणि पाहुणा जॉब निमूट बाजूला होई. एवढी अदब माणसांतही कमीच.

असो. यादीतून माझा नंबर नाहीसा झालाय. जॉबचा हिशेब देणारी एस-अॅक्ट कमांड म्हणते, कम्प्लीटेड, 0:0. प्रोग्रॅम तक्रार न करता संपला, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर बरोबर आलं की कचरा, ते फाइल उघडल्याशिवाय कळायचं नाही. उघडतो. आधी पुढचा जॉब टाकतो, तो रांगेत असेल तोवर वेळच वेळ आहे.